तहकूब ठेवलेला विषय

आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी यायचं ते परबांच्या शिट्टीने. एक लांब आणि दोन आखूड. लांब शिट्टी ऐकली की बायका हातातलं टाकून बादल्या नळाखाली सरकवायच्या आणि आखूड ऐकल्या की नळ सोडायच्या. आधी सोडला तर नळात हवा धरते, असं परबांचं म्हणणं होतं. ते खरं होतं की नाही, हे मी शाळेत विज्ञान शिकवत असूनही मला कधी कळलं नाही. पण सोळाच्या सोळा बिऱ्हाडं तो नियम पाळायची, कारण परबांनी तो रीतसर सभा घेऊन मंजूर करून घेतला होता.

ही नव्वदनंतरच्या वर्षांतली गोष्ट. विरार पूर्वेला चंदनसारच्या बाजूला तेव्हा नुकत्या कुठे बिल्डिंगा उभ्या राहत होत्या. आमची चार मजल्यांची, मागे भाताची खाचरं आणि गच्चीवर गेलं की समोर जीवदानीचा डोंगर. बिल्डरने कागदावर दारात कारंजं दाखवलं होतं आणि प्रत्यक्षात नळालाही पाणी नव्हतं. दिवसाआड गोखिवऱ्याहून टँकर यायचा. त्याचा ड्रायव्हर फाटकातूनच ओरडायचा, "काका, पानी घ्या लवकर, मना आजून दोन ठिकानी जायचा हाय!" की परब बनियनवर शर्ट चढवत आणि खिशातली शिट्टी चाचपत जिना उतरायचे. बुटकी, गोल अंगाची मूर्ती, डोक्याला चपचपीत तेल, वय पन्नाशीच्या आत-बाहेर. जिन्यात कोणी भेटलं तर धावता धावता नमस्कारही करायचे.

वसंत परब मूळचे मालवणकडचे. फोर्टातल्या एका जुन्या कंपनीत ते डिस्पॅचला होते. तिथे त्यांना कोण विचारत असेल मला ठाऊक नाही. आमच्याकडे मात्र ते सेक्रेटरी होते, आणि या बिनपगारी कामावर एवढा जीव टाकणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्यांना सभा आवडायची. वार्षिक सभा तर असायचीच, पण गच्चीच्या कुलपाची किल्ली कोणाकडे ठेवायची यासाठीही ते सात दिवस आधी नोटीस लावायचे. कोणी काही बोललं की त्यांचं ठरलेलं असायचं, "सूचक कोण? अनुमोदक कोण?" मग म्हणायचे, "हात वर करा." हात मोजताना प्रत्येक हाताकडे पेन रोखायचे आणि पुटपुटायचे.

बिल्डिंगला रंग कुठला द्यायचा यावर तीन सभा झाल्या. परबांना स्वतःला फिकट पिवळा हवा होता. मतदानात पोपटी निवडून आला. तो भिंतीवर चढल्यावर रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे. एकदा न राहवून मी म्हटलं, "परब, हा रंग बघवत नाही हो."

"मलासुद्धा नाही बघवत, बाई," ते म्हणाले, "पण बहुमताचा आहे." आणि मान तिरकी करून त्या पोपटी भिंतीकडे असे कौतुकाने बघत राहिले, की मलाच तिच्याविषयी बरं वाटायला लागलं.

घरीही तेच. मूलबाळ नव्हतं, दोघंच. परबवहिनी साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायच्या. कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की नेमकं बोलणाऱ्या. संध्याकाळी कुठली भाजी करायची यावरही म्हणे त्यांच्याकडे मतदान व्हायचं. "एकास एक मत पडतं," त्या सांगायच्या, "मग अध्यक्षांचं निर्णायक मत. आणि अध्यक्ष कायम हेच."

"मग तुम्ही काय करता?"

"मी मला हवी ती करते. पानात पडली की खातात."

हा सभेचा नाद कुठून आला, ते परबांनी मला एकदा सांगितलं होतं. गच्चीवरची टाकी धुवायची होती आणि त्या दिवशी मदतीला मी एकटीच गेले होते. परब पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन टाकीत उभे होते, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं मला टाकीतून घुमत ऐकू आलं. त्यांचे वडील लवकर गेले. मॅट्रिकला चांगले मार्क होते आणि त्यांना मास्तरकीचा कोर्स करायचा होता. एका संध्याकाळी थोरल्या काकांनी ओटीवर सुपारी कातरता कातरता सांगून टाकलं, "वसंतो उद्याच्या बोटीन मुंबैक जातलो." एवढंच. कोणी कोणाला विचारलं नाही. आई दाराआड उभी होती.

"एकट्या माणसाने ठरवलं की असं होतं, बाई," टाकीतून आवाज आला. "चार डोकी बसली असती तर एखादं तरी माझ्या बाजूचं निघालं असतं."

त्यानंतर मी त्यांच्या सभांना हसायचं कमी केलं. अगदी बंद केलं असं नाही.

मग एका मार्च महिन्यात शिट्टी वाजेना. टँकर आला, पाणी टाकीत पडलं, परबांनी कॉक सोडला, शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली, तर नुसती हवा. ती पण नाकातून. गाल फुगायलाच तयार नाहीत. त्या दिवशी निम्म्या घरांचं पाणी गेलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बायका जिन्यात येऊन भांडल्या. परबांनी नवी शिट्टी आणली. तीही वाजेना. तेव्हापासून ते खाली उभे राहून थाळीवर पळी वाजवायचे. आम्ही म्हणायचो, परबांनी देऊळ काढलं.

नंतर उजवी पापणी खाली यायला लागली. सकाळी जागेवर असायची आणि दुपारनंतर उतरायची. कोणी विचारलं तर म्हणायचे, "तिची पाळी संपते चारला." एकदा टँकर दारात असताना ते हसत हसत वर आले. म्हणाले, "बाई, आज एकाचे दोन टँकर दिसले. काय आनंद झाला! जवळ गेलो तर एकच." चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला. टँकर दोनच राहिले.

आणि मग बोलणं. संध्याकाळी सभा सुरू व्हायची तेव्हा आवाज खणखणीत असायचा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचताना पहिलं पान ठीक जायचं. दुसऱ्या पानावर शब्द नाकात शिरायचे आणि तिसऱ्यावर जीभ अशी जड व्हायची, की ठराव कुठला आणि आभार कुठले ते कळू नये. चौथ्या मजल्यावरचे म्हात्रे त्यांच्या शेजारी बसायचे. एकदा ते मुद्दाम वाकून परबांच्या तोंडाजवळ नाक नेताना मी पाहिलं. दोन दिवसांत बिल्डिंगभर झालं की सेक्रेटरी हल्ली घेतात.

परबांच्या कानावर ते गेलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर त्यांच्या वळणदार अक्षरात नोटीस लागली, 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सेक्रेटरी मद्यप्राशन करीत नाहीत. सायंकाळी बोलणे जड होते, ते आजारामुळे. आजार कोणता, हे समजल्यावर कळविण्यात येईल. आपला नम्र, व. रा. परब.' मी ती वाचून हसले होते. सांगू नये अशी गोष्ट आहे, पण हसले होते.

आजार समजायला वर्ष गेलं, आणि त्याचं कारण ऐकलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. आपल्याकडे डॉक्टरकडे जायचं म्हणजे पहिला नंबर लावून जायचं असतं. परब आदल्या दिवशी लवकर झोपायचे, सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्याच्या दारात पहिले हजर. डॉक्टर बघायचे तर समोर तुकतुकीत माणूस. पापणी जागेवर, आवाज स्वच्छ. टॉनिक लिहून द्यायचे. दुसरा डॉक्टर, पुन्हा पहिला नंबर, पुन्हा टॉनिक. तिसऱ्याने तर मन रमवा म्हणून सांगितलं.

हे लक्षात आलं ते परबवहिनींच्या. एका शनिवारी त्यांनी परबांना दिवसभर आराम करू दिला नाही. बाजारात पाठवलं, गच्चीवर पाठवलं, माळ्यावरचे डबे उतरवायला लावले, आणि संध्याकाळी सातला, परबांचा घामट शर्टही बदलू न देता, त्यांना एका नव्या डॉक्टरकडे शेवटचा नंबर लावून घेऊन गेल्या. "आता बघा यांना," एवढंच म्हणाल्या. त्या तरुण डॉक्टरने परबांना मान न हलवता वर पंख्याकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात दोन्ही पापण्या खाली आल्या. डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली.

तिथे त्यांना एक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात पापणी दुकानाचं शटर उघडावं तशी वर गेली. वहिनींच्या पर्समध्ये ती जुनी पितळी शिट्टी होती. परबांनी मागून घेतली आणि वॉर्डाच्या मधोमध उभं राहून फुंकली. एक लांब, दोन आखूड. सिस्टर ओरडली. वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या हसता हसता रडत होत्या.

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. परबांनी ते पाठ केलं आणि कबूल केल्याप्रमाणे फलकावर कळवलं. मेंदूचा निरोप नसांमधून येतो, पण स्नायूंच्या दारात आपल्याच शरीराचे शिपाई त्याला अडवतात, असं ते सगळ्यांना समजावून सांगायचे. "डिस्पॅच बरोबर आहे, बाई, डिलिव्हरी होत नाही." दिवसातून पाच वेळा गोळी असायची. ती चुकू नये म्हणून त्यांनी गजराचं घड्याळ घेतलं. गोळी घेतली की अर्ध्या तासाने माणूस पहिल्यासारखा व्हायचा. थाळी-पळी गेली आणि शिट्टी परत आली. बायकांनी त्या दिवशी जिन्यात पेढे वाटले.

पण तपासण्यांमध्ये आणखी एक गोष्ट निघाली होती. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते आणि वय वाढतं तशी आकसत जाते. परबांची आकसली नव्हती. उलट फोटोत तिच्या एका बाजूला गाठीसारखं काही दिसत होतं. सर्जन म्हणाले, ही काढून टाकलेली बरी. गाठ वाढली तर आजूबाजूला पसरेल, आणि ग्रंथी गेली तर आजारही पुढेमागे आटोक्यात येण्याची शक्यता आहे. लगेच फरक दिसणार नाही, वर्ष-दोन वर्षंही लागतील, खात्री देता येत नाही. छातीचं हाड मधोमध कापावं लागेल. घाई आज-उद्याची नाही, पण फार लांबवू नका.

परब तो फोटो घेऊन माझ्याकडे आले. बिल्डिंगमध्ये विज्ञान शिकवणारी मी एकटी, तेव्हा थायमस म्हटल्यावर माझ्याकडे येणं ओघानेच आलं. मी कपाटातून जीवशास्त्राचं जुनं पुस्तक काढलं. त्यात त्या ग्रंथीवर साडेतीन ओळी होत्या. त्या मी मोठ्याने वाचून दाखवल्या आणि म्हटलं, "हे बघा, वयानुसार आकसते असं लिहिलंय. तुमची जरा उशिरा आकसत असेल." परबांचा चेहरा इतका उजळला, की मला माझ्या शिकवण्याचा अभिमान वाटला.

पुढच्या सभेत शेवटचा विषय नेहमीचाच होता, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. त्यात परब उभे राहिले आणि म्हणाले, "ऐनवेळचा एक विषय माझ्याकडे आहे. सेक्रेटरीच्या शस्त्रक्रियेबाबत विचार करणे."

कोणी हसलं नाही. गच्चीवर सतरंजीवर आम्ही सगळे बसलो होतो. परबांनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवला, सर्जनचं म्हणणं मुद्देसूद सांगितलं, आणि मग खाली बसून म्हणाले, "मला एकट्याला ठरवता येत नाही. सभेने सांगावं."

मग जो तो बोलायला लागला. एकाच्या साडूची छाती उघडली होती, तो टेबलावरच गेला. दुसऱ्याचं म्हणणं, गोळ्या लागू पडल्यात तर चाकू कशाला. बायका म्हणाल्या, हाड कापायचं म्हणजे काय चेष्टा आहे? म्हात्रे तर उठून उभेच राहिले. ज्या माणसाच्या तोंडाला आपण नाक लावलं होतं, त्याच्यासाठी. "आमचा सेक्रेटरी आता एकदम फस्क्लास हाय," ते म्हणाले. "बऱ्या मानसाची छाती फोडाची काय गरज? मी सुचवतो, हा विषय पुढच्या वार्षिक सभेपर्यंत तहकूब ठेवावा."

"अनुमोदक?" परबांनी विचारलं, आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. फ्लॅट माझ्या नावावर होता, मत मला होतं, आणि विज्ञानही माझंच होतं.

"मी अनुमोदन देते," मी म्हटलं. वर हेही म्हटलं, "ती ग्रंथी वयाप्रमाणे आकसतेच. थोडी वाट बघायला काय हरकत आहे?"

तेवढ्यात जिन्याच्या दाराशी बसलेल्या परबवहिनी उठल्या. सभेत त्यांना बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "डॉक्टर म्हणाले होते," त्या म्हणाल्या, "बरं वाटतंय तोवरच करून घ्या. अंगात ताकद असली तरच हे ऑपरेशन करता येतं. वाईट झाल्यावर आलात तर..."

"सभासद नसलेल्यांना सभेत बोलता येत नाही," परब म्हणाले. रागाने नाही. नियम वाचून दाखवावा तसं. "हे इतिवृत्तात घेऊ नये."

फ्लॅट परबांच्या एकट्याच्या नावावर होता. वहिनींनी पदर नीट केला आणि पुन्हा दाराशी बसल्या. परबांनी हात वर करायला सांगितले. चौदा हात वर झाले. त्यात माझा होता. स्वतः परबांनी हात वर केला नाही. सेक्रेटरीला यात हितसंबंध आहे म्हणाले, आणि लिहायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती मला आजही दिसते. त्यांना त्या ऑपरेशनची भयंकर भीती वाटत होती. घाबरण्याची परवानगी आम्ही त्यांना बहुमताने दिली.

आमचा कोणाचाच हेतू वाईट नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. त्या माणसावर आमचं प्रेम होतं. त्याच्या छातीवर करवत चालावी असं सोळा घरांत कोणालाच वाटत नव्हतं. आणि तो समोर चांगला चालत-बोलत होता. बऱ्या माणसाला कापून घेण्याची घाई करावी लागते, हे आमच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. ज्यांच्या डोक्यात ते शिरलं होतं, त्यांना मत नव्हतं.

पुढची वार्षिक सभा आली. परबांची तब्येत उत्तम होती. तहकूब विषय कोणी काढला नाही. मीही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मधल्या काळात त्यांनी गच्चीवर पत्रा घातला, नळाच्या लाइनसाठी नगरपरिषदेत इतके हेलपाटे घातले की शिपाई त्यांना चहा द्यायचा, आणि एका वैशाखात म्हात्र्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत उभं राहून वाढलं. ही दोन वर्षं त्यांना चांगली मिळाली, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. साधा ताप आणि खोकला, त्या आठवड्यात बिल्डिंगमध्ये चौघांना होता. तिघं बरे झाले. परबांना दुसऱ्या दिवशी खोकलाच काढता येईना. गोळी घेतली की अंगात बळ यायचं, पण गोळी गिळायलाच बळ उरलं नव्हतं. पाणी नाकातून परत यायचं. दुपारपर्यंत श्वास वरच्या वर चालायला लागला. अँब्युलन्स यायला तास गेला, मुंबई गाठायला अडीच. म्हात्रे आणि वहिनी सोबत गेले. मी फाटकात उभी होते. स्ट्रेचरवर परबांचे डोळे मिटलेले होते आणि वहिनींच्या पिशवीतल्या घड्याळाचा गजर गोळीची वेळ झाली म्हणून वाजत होता. तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

पाच आठवडे ते मशीनवर होते. मी एका रविवारी गेले तेव्हा सर्जन वहिनींशी बोलत होते. आता फोटोत गाठ दुप्पट झाली होती. "आज हा पेशंट ऑपरेशन झेपण्याच्या स्थितीत नाही," ते म्हणाले. "झेपणार होतं तेव्हा तुम्ही आला नाहीत." वहिनींनी मान हलवली. मी शेजारी उभी आहे, हे त्यांनी सर्जनला सांगितलं नाही. सभेबद्दलही नाही. सगळा बोल त्यांनी मुकाट्याने स्वतःवर घेतला.

पुढे थोडी ताकद आल्यावर ऑपरेशन झालं. छातीचं हाड कापलंच. पण तोवर गाठ फुप्फुसाच्या आवरणाला चिकटली होती. निघाली तेवढी काढली. परब डिसेंबरात घरी आले ते खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून. फेब्रुवारी उजाडायच्या आत ते गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जानेवारीतल्या एका सकाळी. घरी आल्यापासून मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले होते. त्या दिवशी दार उघडंच होतं, त्यामुळे परत फिरता आलं नाही. खिडकीतून ऊन आलं होतं. परब पाठीमागे उशा लावून पलंगावर बसले होते आणि वहिनी त्यांना मऊ भात भरवत होत्या. घास तोंडात घातला की त्या आपला डावा तळवा परबांच्या हनुवटीखाली धरायच्या आणि त्यांचा जबडा हळूहळू वर-खाली करायच्या. परबांना चावता येत नव्हतं. चावायचं काम वहिनींचा हात करत होता. गिळून झालं की त्या पदराने ओठ टिपायच्या आणि पुढचा घास घ्यायच्या.

"या बाई," त्या म्हणाल्या, "बसा. त्यांना बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं."

मी बसले. घरून ठरवून आलेलं सगळं विसरले. "वहिनी," एवढंच कसंबसं निघालं, "त्या दिवशी सभेत मी जे बोलले... मला नीट माहिती नव्हती. कोणी सांगितलं असतं तर..."

"मी आले होते ना सांगायला," वहिनी घास कालवत म्हणाल्या. "आदल्या दिवशी. दोनदा आले. डॉक्टरांनी मला सगळं मराठीत लिहून दिलं होतं, तो कागद घेऊन आले होते. म्हटलं, बाईंनी वाचला तर यांना पटेल. तुम्ही पेपर तपासत बसला होतात. म्हटलं, कामात आहेत, कशाला उगाच त्रास."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. मला ती संध्याकाळ आठवली. मी सहामाहीच्या गठ्ठ्यावर वाकले होते, दारातून कोणीतरी "कामात आहात का?" विचारलं होतं, आणि मी मान वर न करता "हो ना" म्हटलं होतं. पुन्हा तासाभराने तेच विचारलं गेलं होतं आणि मीही पुन्हा तेच उत्तर दिलं होतं. इतक्या वर्षांत ते माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं.

मला रडू आवरेना. तेवढ्यात पलंगावर हालचाल झाली. परबांनी उशीवर टेकवलेला हात हळूहळू वर सरकवत चेहऱ्यापर्यंत नेला, एका बोटाने उजवी पापणी उचलून धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचे ओठ वर ओढले गेले. दात दिसले, नाकाशी आठ्या पडल्या. एवढा संताप मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. मी खुर्चीतून अर्धी उठले.

"बसा, बसा," वहिनी म्हणाल्या. "हसतायत ते. ओठांचे कोपरे उचलले जात नाहीत ना, म्हणून आता हसू असं दिसतं. मीसुद्धा पहिल्यांदा घाबरले होते."

मी परबांकडे पाहिलं. ते खरंच हसत होते का, हे त्यांना विचारायचं धैर्य मला झालं नाही. मीही हसले. त्यांनी पापणी बोटाने तशीच धरून ठेवली होती, जमेल तेवढा वेळ. मग बोट थकलं, पापणी मिटली, आणि वहिनींनी पुढचा घास त्यांच्या ओठांना लावला.